भ्रतार कोंडाजी

लोणावळा, ता. १४ नोव्हेंबर १९२१

दत्तू, तुला आक्काचा आशीर्वाद पोचू दे.

हे पत्र बयामावशी सांगतात आणि मी, मेहरुन, लिहिते. आमच्या पावाच्या भट्टीच्या ओट्यावर त्या बसल्या आहेत. "तुझ्या साळंतली भाषा घालू नगंस, मी बोलते तसंच लिव्ह," असं त्यांनी बजावलंय. म्हणून तसंच लिहिते.

दत्तू, आवंदा पेन्शन आली न्हाई. आज बाजार म्हनून कुरवंड्यावरनं गवताचा भारा घिऊन उतरले नि आदी पोस्टात गेले. बाबू म्हनाला, "तुझं थांबवलंय. वरनं हुकूम आलाय." मी म्हनलं, "का वो?" तर म्हनतो, "ते तुला ठावं." मला काय ठावं? तुझं दाजी बसऱ्याच्या लढाईत ग्येलं, त्येची ही पेन्शन. ती थांबवायला ते काय पुन्हा जित्तं झालं? तू कचेरीत हाईस. इचारून कळीव.

बाकी बरं हाय. भात कापून झालं. सोपाननं झोडून बी दिलं. आत्याबाईंचं खानंपिनं आता नीट हाय.

सोपान आला तवा तुझी परीक्षा हुती, तू आला न्हवतास, म्हनून तुला त्याचं धड ठावं न्हाई. तुझ्या दाजीच्या पलटनीतला त्यो. लढाईवरनं परत आला तर त्याच्या घरची समदी मानमोडीच्या साथीत ग्येल्याली. नाणे मावळात घर हाय, पर दार उघडाया मानूस न्हाई. दाजीनं घरनं नेल्यालं कांबळं त्यानं जपून आनलं हुतं, ते द्यायला कुरवंड्याला आला. आत्याबाईला दिसत न्हाई. तिनं कांबळ्याचा वास घेतला, त्याच्या तोंडावरनं हात फिरवला नि म्हनली, "कोंडू, किती उशीर केलास रं." त्यो माज्याकडं बघाया लागला. मी काय बोलले न्हाई. मंग त्यो बी बोलला न्हाई. ल्योक ग्येल्याचं सांगितल्यापासनं अंथरूण धरल्याली म्हातारी, त्या दिशी उठून बसली नि भाकर मागितली.

तवापासनं त्यो हितंच हाय. गोठ्यात निजतो. खुबा मोडल्यापासनं आत्याबाईला मला येकटीला उचलत न्हाई, त्योच तिला उचलून उनात नेतो. "कोंडू" म्हनून हाक आली की "व्हय आये" म्हनतो. सवताची आय अशी बोलवायची म्हनं.

पेन्शनीचं तेवडं बघ.

तुझी आक्का, बया


तळेगाव दाभाडे, ता. १९ नोव्हेंबर १९२१

गं. भा. बयाअक्काला दत्तोबाचा नमस्कार.

मेहरुनबाई, हे पत्र अक्का एकटी असताना वाचून दाखवावं.

अक्का, घाबरू नकोस, पण हलक्यावारी घेऊ नकोस. तुझ्याविरुद्ध अर्ज आला आहे. खाली सही नाही, 'एक राजनिष्ठ रयत' एवढंच आहे. मयत शिपाई कोंडाजी याची विधवा बयाबाई हिने सोपान नावाच्या इसमाशी गुपचूप पाट लावला असून ती सरकारची पेन्शन लबाडीने खाते, असं त्यात लिहिलं आहे. विधवेने पाट लावून दुसरा नवरा केला की पेन्शन बंद होते. दरवर्षी पाटलासमोर ज्या दाखल्यावर तू अंगठा देतेस, तो हयातीचा आणि पाट न लावल्याचाच असतो.

अर्ज कोणी दिला हे शोधत बसू नकोस. भाऊबंद असेल, शेजारी असेल, कदाचित पोस्टात तुला पेन्शन घेताना पाहून पोटात दुखलेला कोणी असेल. कचेरीला त्याच्याशी कर्तव्य नाही. सही नसली तरी चौकशी करावीच लागते. आणि आधी पेन्शन थांबवायची, मग चौकशी करायची, असा इथला रिवाज आहे. अर्जदाराला काही शाबीत करावं लागत नाही. तुला करावं लागेल.

आता नीट ऐक. पुण्याहून तपासनीस येईल तो सांगून येणार नाही. आधी तुझ्या घरी येणार नाही. शेजाऱ्यांना विचारील, दुकानदाराला विचारील की ही बाई तंबाखू कोणासाठी नेते. मग सकाळी, चूल पेटलेली असताना, दारात उभा राहील. दोरीवर काय वाळत आहे ते बघेल. एकच गोष्ट फिरवून फिरवून विचारील आणि उत्तरात फरक पडला की तेवढाच लिहून घेईल. म्हणून सोपानला आजच्या आज दुसरीकडे पाठव. माणूस चांगला असेल, त्याबद्दल माझं म्हणणं नाही.

आणखी एक. मी तुझा भाऊ हे कोणाजवळ बोलू नकोस. तुझं प्रकरण माझ्याच टेबलावर आहे. नातं कळलं तर साहेब ते काढून दुसऱ्याकडे देतील आणि आतलं मला काही कळणार नाही. शिवाय मी अजून हंगामी आहे. हे सगळं तुझ्या भल्यासाठीच सांगतो. पत्रं कचेरीच्या पत्त्यावर नकोत, घरी पाठव.

तुझा, दत्तोबा


लोणावळा, ता. २८ नोव्हेंबर १९२१

दत्तू, तुझं पत्र मेहरुननं वाचलं, पर त्याच्या आदीच त्यो मानूस यिऊन ग्येला.

तू लिव्हलंस तसाच आला. सकाळच्या पारी, मी भाकरी थापत हुते. डोक्याला टोपी, हातात पेन्सल, बरुबर पाटलाचा मानूस. बोलायला गोड. "बाई, भिऊ नका, चार गोष्टी विचारायच्या आहेत."

दोरीवर धोतर हुतं. म्हनाला, "हे कुणाचं?"

मी म्हनलं, "सोपानचं."

"तो कुठं निजतो?"

"गोठ्यात."

"पावसाळ्यातही?"

आता आपल्याकडचा पाऊस. गोठ्यात गुडघाभर चिखल आसतो. मी खरं सांगितलं, "पावसाळ्यात पडवीत निजतो."

"पडवीतून घरात यायला दार आहे?"

"हाय."

त्यानं लिव्हलं. लिव्हताना तोंडानं म्हनत हुता, "आतून दार आहे." दत्तू, पडवीला दार नसतंय असं घर कुटं बघितलंस का तू?

मंग म्हनाला, "शेत कोण करतं?" म्हनलं, "सोपान." "मजुरी काय देता?" म्हनलं, "मजुरी कसली? घरचाच मानूस हाय त्यो." ते बी लिव्हलं.

मंग आत आत्याबाईपाशी ग्येला, जवळ बसला. म्हनाला, "आजी, घरात कोण कोण आहे?"

ती म्हनली, "मी हाय, माजा कोंडू हाय, नि सून."

"कोंडू कोण?"

"माजा ल्योक न्हवं का. पलटनीत हुता. लढाईवरनं आला माजा बाबा. समदी म्हनत हुती ग्येला, पर मला ठावं हुतं."

पेन्सल थांबली. त्यानं माज्याकडं बघितलं नि म्हनाला, "बाई, तुमचा नवरा मयत आहे ना?"

तिच्यासमोर मी काय सांगू? मी हातानं खुनावलं, भाइर चला, भाइर सांगते. त्यो जाग्यावरनं हालला न्हाई. त्यानं लिव्हलं, "उत्तर दिले नाही." भाइर आल्यावर मी समदं सांगितलं. म्हातारीला दिसत न्हाई, तिची समजूत तशी झाल्याली हाय, ती मोडवत न्हाई. त्यो मान हालवत हुता, पर वही मिटली हुती.

सोपानला धाडून दे म्हनतोस. धाडते रं. पर तिला उचलायचं कुनी? ती हाक मारंल तवा व्हय कुनी म्हनायचं? ह्याचं काय त्या कायद्यात लिव्हलंय का, ते बघ.

आक्का


तळेगाव, ता. ३ डिसेंबर १९२१

अक्का,

मी तपासनीसाचा रिपोर्ट वाचला. त्या रात्री मला झोप आली नाही.

म्हातारीच्या बोलण्याने सगळं बिघडलं आहे. रिपोर्टात दोन शंका घेतल्या आहेत. एक, कोंडाजी मेलाच नाही, पलटणीतून पळून आला आणि दुसऱ्या नावाने घरात राहतो. तसं ठरलं तर तो सरकारला फसवल्याचा खटला होईल, तुरुंगापर्यंत जाईल, तुझ्यासकट. दोन, तो सोपानच आहे आणि तुझा नवरा म्हणून नांदतो, म्हणून सासू त्याला मुलगा म्हणते. यात खरं काय आहे ते तिसरं आहे, पण ते लिहायला रिपोर्टात जागा नाही.

वाट एकच उरली आहे. म्हातारीची पुन्हा जबानी घ्यायला लावतो. पाटलासमोर तिने सांगायचं की माझा मुलगा कोंडाजी लढाईत मेला, घरात राहत होता तो परका माणूस, आणि आता तोही नाही. त्यावर तिचा अंगठा. त्याआधी तिला खरं सांगावं लागेल. अक्का, ती आज ना उद्या जाणारच आहे. तुला पुढे जगायचं आहे. पेन्शन गेली तर त्या खडकाळ तुकड्यावर तू एकटी काय खाणार?

माझं ऐक. या बाबतीत मला तुझ्यापेक्षा जास्त कळतं. हे दोन्ही केलंस की पेन्शन चालू होईल, हा माझा शब्द.

दत्तोबा


लोणावळा, ता. २४ डिसेंबर १९२१

दत्तू,

तू सांगितलंस तसं झालं.

आदी सोपानला सांगितलं. त्यो औताची दोरी वळत बसला हुता. माजं बोलनं आयकून घेतलं नि म्हनाला, "मी ग्येलो म्हंजे तुमची पेन्शन चालू व्हनार का वयनी? मंग जातो की." म्हातारीला सांगताना आपून नसावं, असं त्याला वाटत हुतं. मीच म्हनलं, थांब, तुझ्या तोंडनं आयकल्याबिगर तिला पटनार न्हाई.

त्यानं तिला उचलून उनात आनून ठिवलं. पायाशी बसला. म्हनाला, "आये, मी कोंडू न्हवं. मी सोपान. कोंडाजी माज्या शेजारी व्हता, त्यो तितं ग्येला. म्या त्याला पानी पाजलं."

आत्याबाई हसली. म्हनली, "काय चेष्टा करतोस रं."

त्यो पुन्हा म्हनाला. तिसऱ्यांदा त्याला बोलवंना, मंग मी म्हनलं, "आत्याबाई, खरं हाय. तुमचा ल्योक न्हाई आता."

तिनं त्याचं तोंड चाचपलं. कान चाचपलं, हनुवटी चाचपली. लय येळ. मंग हात काढून घेतला नि म्हनली, "मंग इतकं दीस माज्या तोंडात घास कोन घालत हुतं?"



सोपान त्याच दिशी ग्येला. जाताना तिच्या पाया पडला. तिनं पाय आखडून घ्येतलं, परक्या मानसापासनं घ्येत्यात तसं.

पाटील आलं, कागद घिऊन. ती म्हनली, "ही म्हनत्यात मेला, तर मेला." पाटलांनी लिव्हलं नि तिचा अंगठा धरून कागदावर टेकवला. तवापासनं ती भितीकडं तोंड करून पडली हाय. मी भरवाया ग्येले की तोंड मिटून घ्येती. मी रोज पेज करते नि रोज गुरांपुढं वतते.

जबानी झाली. तेवडं सायबाला कळीव.

आक्का


तळेगाव, ता. २० जानेवारी १९२२

अक्का,

परवा कचेरीत जे झालं त्याने तू नाराज झाली असशील. म्हणून घाईने लिहितो.

जबान्या मी लिहून घेणार हे मला सकाळीच कळलं. नेहमीचा कारकून आजारी पडला. तू समोर येऊन उभी राहिलीस आणि साहेब माझ्या शेजारी बसलेले. मी मान वर करून पाहिलं असतं तर माझ्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं असतं. म्हणून मी पाहिलं नाही. तू हुशारीने वागलीस, एका शब्दाने ओळख दाखवली नाहीस, त्याबद्दल तुझे उपकार मानतो.

साहेब वाईट नाहीत. तुला बसायला सांगितलं, ते तू पाहिलंसच. तू गेल्यावर "बिचारी" असं म्हणाले. मी स्वतः ऐकलं. मला वाटतं निकाल आपल्यासारखा लागेल. महिनाभरात पैसे चालू होतील. मागचे थांबलेलेही मिळतील.

सासूबाईंना बरं वाटत असेल. इकडे थंडी फार आहे.

दत्तोबा


लोणावळा, ता. ९ फेब्रुवारी १९२२

दत्तू,

आत्याबाई ग्येली. संक्रांतीनंतर तिनं पानी बी सोडलं हुतं. मी कचेरीतनं आले तवा ती हुती, नि दुसऱ्या दिशी सकाळी न्हवती. दहाव्याला ये म्हनून तुला निरोप धाडला हुता तळेगावच्या मोटारवाल्याबरुबर. तू आला न्हाईस. तुला येता येत नसंल, मला समजतंय. गावात कुनी तुला वळखलं असतं.

नाराज हाईस का म्हनून इचारलंस. नाराज न्हाई. पर सांगते काय झालं, कारन तू खाली मान घालून हुतास, तुला दिसलं नसंल.

मी आत आले नि तुला बघितलं. तुज्या आंगात दाजीचा कोट हुता, मी तुला परीक्षंला ग्येलास तवा दिल्याला. मला वाटलं, आता भ्या न्हाई, माजा दत्तू हाय. तू म्हनलास, "बाई, तुमचं नाव?"

मी म्हनलं, "बयाबाई भ्रतार कोंडाजी." नवऱ्याचं नाव कागदावर असंच लिव्हत्यात न्हवं?

तू म्हनलास, "माहेर कुठलं?"

आपल्या दाराम्होरचं आंब्याचं झाड मला दिसलं दत्तू. मी म्हनलं, "कुसगाव." तू लिव्हलंस, "कुसगाव."

"माहेरी कोण आहे?"

मी म्हनलं, "कुनी न्हाई."

ते बी तू लिव्हलंस.

मंग सायेब म्हनाला, सोपान तुमचा कोण? मी म्हनलं, कुनी न्हवं, पर घरच्यावानी राह्यला. म्हातारीला आय म्हनायचा, मला वयनी म्हनायचा. सायेबानं तुला काय तरी सांगितलं नि तू लिव्हलंस. मंग वाचून दाखवलंस, "सदर इसम घरचाच असल्याचे कबूल." मी म्हनलं, मी 'घरच्यावानी' म्हनले. सायेब म्हनाला, "तेच ते." तू शाई लावलीस, माजा अंगठा धरलास. तुजा हात गार हुता.

आता आत्याबाईचं सांगते. तिला उचलायला भाऊबंद आलं, पर मडकं धराया कुनी म्होरं व्हईना. येक म्हनला, चौकशीचं घर हाय, आपलं नाव कशाला लावून घ्या. तेवड्यात सोपान आला. लोणावळ्यात हमाली करत हुता, त्याला कळलं. कुनाला काय न इचारता त्यानं मडकं खांद्यावर घ्येतलं. दहाव्याला डुई भादरली. मी त्याला आडवलं न्हाई. आडवू बी नये. तिला शेवटाला ल्योक मिळाला, मंग त्यो कुनाचा का असंना.

दहावा झाला नि त्यो लगीच ग्येला. म्हनाला, "वयनी, मी राह्यलो तर पुन्हा घोटाळा व्हईल."

आक्का


तळेगाव, ता. २७ मार्च १९२२

अक्का,

हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं.

निकाल तुझ्याविरुद्ध गेला. हुकूम तुला चावडीतून मिळेल, पण तो दुसऱ्याच्या तोंडून कळण्याआधी माझ्याकडून कळावा.

साहेबांनी लिहिलं आहे की चौकशी सुरू होताच सोपान घर सोडून गेला, यावरून दोघांच्या मनात खोट होती हे दिसतं. म्हातारीची पहिली जबानी सहज दिलेली, म्हणून खरी. दुसरी शिकवून घेतलेली, म्हणून खोटी. ती मयत झाल्याने आता पुन्हा विचारताही येत नाही. आणि म्हातारीचा अंत्यविधी सोपानने पुत्राच्या नात्याने केला, हे पाटलाने कळवलं होतं. तेवढं पुरावा म्हणून बस्स झालं. कोंडाजी जिवंत असल्याची शंका मात्र काढून टाकली आहे. पलटणीतून तसं लेखी आलं. त्यामुळे खटला होणार नाही, हे तरी देवाने केलं.

सोपान घरात आला त्या दिवसापासून तू त्याची बायको होतीस असं धरलं आहे. तेव्हापासून घेतलेली पेन्शन परत करायची. न केल्यास तुकड्यावरून वसूल होईल.

सोपानला घालवायला मी सांगितलं. दुसरी जबानीही मीच घ्यायला लावली. मला वाटलं होतं, मला आतलं कळतं. हुकमाची स्वच्छ प्रतही मीच लिहिली. माझं अक्षर चांगलं म्हणून साहेब मलाच देतात. लिहिताना मी थांबू शकलो असतो का? मग दुसऱ्याने लिहिली असती.

वर अपील करता येतं. पुण्याला एक वकील माझ्या ओळखीचे आहेत. थोडे पैसे मनिऑर्डरने पाठवतो, ते घे. आणि जमीन गेली तर इकडे माझ्या घरी राहायला ये. जागा लहान आहे, पण तू ये.

दत्तोबा


लोणावळा, ता. १६ एप्रिल १९२२

दत्तोबा भाऊ, मेहरुनचा सलाम.

हे पत्र माझं आहे. बयामावशींनी ते लिहायला सांगितलेलं नाही आणि लिहू नकोस असंही म्हटलेलं नाही.

तुमचं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. माझे मालक इब्राहिम पाव घालायला खंडाळ्याला गेले होते, दुकानात आम्ही दोघीच होतो. त्यांचं ऐकून झालं. मग म्हणाल्या, "म्हंजे माजं लगीन सरकारनं लावलं. मंग नवरा कुटं हाय तेवडं बी सरकारनंच सांगावं." मला वाटलं त्या हसतील किंवा रडतील. दोन्ही केलं नाही.

सोपान कुठे आहे ते कोणालाच माहीत नाही. जाण्याआधी तो आमच्या भट्टीवर आला होता, डोकं भादरलेलं. पाव घेतला नाही. मला एवढंच विचारलं, "ताई, मी ग्येल्यावर वयनीची पेन्शन चालू व्हईल न्हवं?" तुम्ही पत्रात तसा शब्द दिला होता. तो मीच वाचला होता. मी म्हटलं, हो, होईल. तो बरं म्हणाला आणि स्टेशनाकडे गेला. तो अजूनही तसंच समजून असेल. हे मी मावशींना सांगितलेलं नाही.

हुकूम चावडीतला शिपाई घेऊन आला तेव्हा मी कुरवंड्याला गेले होते. त्यावर नाव होतं 'बयाबाई भ्रतार सोपान'. पोचल्याबद्दल त्याखाली अंगठा द्यायचा होता. मावशी म्हणाल्या, ह्या नावाला मी अंगठा देनार न्हाई. शिपाई म्हणाला, बाई, अंगठा नाही दिला तर हुकूम नाकारला असं लिहावं लागेल, मग अपिलाची मुदतही जाईल. मावशींनी विचारलं, "नि दिला तर?" तो म्हणाला, "दिला तर नाव मान्य केलं असं होतं." तो बिचारा खरंच सांगत होता. शेवटी त्यांनी अंगठा दिला नाही. त्याने जाताना सांगितलं की तालुक्यातल्या अशा चौकशा झपाट्याने निकाली लागल्यामुळे कचेरीतल्या कारकुनांना कायम केलं. त्यात तुमचं नाव होतं. तुमच्या पत्रात ते नव्हतं, म्हणून मावशींना तिथेच कळलं. त्या म्हणाल्या, "बरं झालं. घरात कुनाचं तरी काम झालं." मनापासून म्हणाल्या, भाऊ. म्हणूनच मला ते सहन झालं नाही.

तुकड्यावर बोजा चढला. गुरं त्यांनी आधीच विकली. आता त्या घाटात रेल्वेच्या खडी फोडायच्या कामावर जातात. बाजारच्या दिवशी इकडे येत नाहीत, म्हणून मीच परवा तिकडे गेले. हाताला चिंध्या बांधलेल्या होत्या. तुमच्या घरी जायचं का, ते मी पुन्हा विचारलं. म्हटलं, मावशी, भाऊ मनापासून बोलावतोय, वकीलही बघतो म्हणतोय, जा.

त्या हातोडी चालवत राहिल्या. मग म्हणाल्या, "जाईन गं. पर त्याच्या दारात शेजारीन आली नि इचारलं, ही कोन, तर त्यो काय सांगंल?"

हा प्रश्न तुम्हाला आहे, म्हणून तसाच लिहून पाठवते. 

'बयाबाई भ्रतार कोंडाजी' या नावाने पाठवलेली तुमची मनिऑर्डर परत येईल. पोस्टातल्या बाबूने तिच्यावर 'मालक सापडत नाही' असं लिहिलं आहे.

मेहरुन